लहान मुलांच्या घरात कुत्रा आणायचा आहे, जात कोणती निवडावी?

राजेंद्रनगरची सून:

सर्वांना नमस्कार. आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगर भागात तळमजल्यावरच्या घरात राहतो. घरापुढे लहानसे अंगण आहे, त्याला कमरेएवढी भिंत आणि लोखंडी फाटक आहे. सासूबाई, यजमान, सात वर्षांचा मुलगा, अडीच वर्षांची मुलगी आणि मी अशी आम्ही पाच माणसे आहोत. यजमान पीथमपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात, त्यामुळे काही रात्री ते घरी नसतात; मी सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत नोकरीवर असते.

मुलाने गेले वर्षभर कुत्र्यासाठी हट्ट धरला आहे. यजमानांच्या एका सहकाऱ्याकडे लॅब्रॅडोर मादीला पिल्ले झाली असून, येत्या रविवारी त्यांतले एक घेऊन जा, असा निरोप आला आहे. रविवारी ते पिल्लू पाच आठवड्यांचे होईल. यजमानांचे मत असे की घर राखायचे असेल तर जर्मन शेफर्डच हवा. माझा भाऊ बीगल सुचवतो, कारण तो आकाराने लहान असतो. नणंदेला हस्की आवडतो, त्याचे कारण केवळ त्याचे निळे डोळे आहेत असे मला वाटते. सासूबाईंना कोणताच कुत्रा नको आहे.

माझी भीती मात्र निराळी आहे. मी आठ वर्षांची असताना आजोळी वाड्याच्या मागच्या अंगणात भाकरी खात असलेल्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याने माझ्या मनगटाचा चावा घेतला. कुत्रा घरचाच होता, रोज माझ्या मागे मागे फिरत असे. त्या दिवशी त्याला काय झाले होते, हे मला आजही उमगलेले नाही. मनगटावरचा व्रण अजून दिसतो.

म्हणून विचारते, की लहान मुलांसाठी सर्वांत निर्धोक जात कोणती? आणि अडीच वर्षांची मुलगी घरात असताना आम्ही काय काळजी घ्यावी? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


महूचा जुना विद्यार्थी:

ताई, मी निवृत्त पशुवैद्य आहे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि नंतरची बरीच वर्षे माळव्यातल्या गावांत गुरांबरोबरच घरोघरच्या कुत्र्यांवरही उपचार केले. आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि आपण पहिल्यावर अधिक भर दिला आहे. मी दुसऱ्यावर देईन. तरीही पहिल्यापासून सुरुवात करतो.

कुत्र्याची जात म्हणजे माणसाने एखाद्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड असते. लॅब्रॅडोरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर पाण्यात उतरून जाळी आणि निसटलेले मासे आणून देत, आणि पुढे इंग्लंडात त्यांच्याकडून शिकारीत पडलेले पक्षी न चिरडता उचलून आणण्याचे काम घेतले गेले. तोंडात वस्तू धरण्याची त्याची सवय तिथूनच आली आहे. त्यामुळे आपल्या मुलीची बाहुली, चप्पल आणि क्वचित तिचा हातही तो तोंडात धरील, त्यात राग नसेल. जर्मन शेफर्ड मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांपासून घडवला गेला, १८९९ मध्ये त्याची जात म्हणून रीतसर नोंद झाली, आणि धावणाऱ्याला घेरून वळवणे हे त्याच्या स्वभावात आहे. अंगणात पळणारी चार मुले त्याला कळपासारखी वाटू शकतात. बीगल सशाच्या वासामागे धावण्यासाठी तयार झाला. तो लहान असला तरी शांत नाही, त्याचे ओरडणे दोन घरांपलीकडे ऐकू जाते, आणि फाटक उघडे दिसले की नाक त्याला कोठे नेईल याचा भरवसा नसतो. हस्की बर्फात गाडी ओढण्यासाठी आहे. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्या दाट दुहेरी केसांखाली त्याची काय अवस्था होईल, हे नणंदबाईंना विचारून पाहावे.

हा सगळा तपशील सांगतो तो कल या अर्थाने. कल म्हणजे हमी नव्हे. लॅब्रॅडोरने चावलेली मुले मी पाहिली आहेत आणि लोक ज्यांना खुनशी म्हणतात अशा जातींचे अतिशय संयमी कुत्रेही पाहिले आहेत. पिल्लू निवडताना शक्य असेल तर त्याच्या आईला भेटावे. अनोळखी माणूस पिल्लांजवळ बसल्यावर ती सावध राहून पाहते, की अंग आखडून कोपऱ्यात जाते, यावरून जातीच्या नावापेक्षा अधिक कळते.

आता रविवारचे. पाच आठवड्यांचे पिल्लू आणू नये. आपल्या देशात कुत्र्यांच्या पैदाशीविषयी २०१७ साली केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. घरगुती देवघेवीला तो नियम लावा वा न लावा, त्यामागचे कारण लागू पडतेच. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्ले एकमेकांशी खेळताना चावतात, चावा जोराचा झाला की दुसरे पिल्लू किंचाळते आणि खेळ थांबतो. आईही नको तेथे दटावते. जबड्याचा जोर किती लावायचा, हे त्याला तेथे समजते. तो धडा अर्धवट सोडून आलेले पिल्लू तो आपल्या मुलीच्या बोटांवर पुरा करील. आणखी तीन आठवडे थांबा म्हटले तर देणाऱ्याने रागवण्याचे कारण नाही. तो रागावला, तर त्याच्याकडून पिल्लू न घेतलेलेच बरे.

लसींचे थोडक्यात असे आहे, की सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पार्व्हो, डिस्टेंपर इत्यादी रोगांवरची लस सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत ती पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि पुढे दर वर्षी. जंतांचे औषध पिल्लाला सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी द्यावे लागते आणि घरात रांगणारे, मातीत हात घालून तोंडात घालणारे मूल असेल तर त्यात हयगय करू नये, कारण कुत्र्याच्या गोल जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जातात.


सुदामानगरची आई:

मी डॉक्टरकाकांच्या दुसऱ्या भागात माझ्या घरची गोष्ट जोडते. ती सांगताना आजही अंगावर काटा येतो, पण आपल्याला तिचाच उपयोग अधिक होईल.

आमच्याकडे नऊ वर्षे लॅब्रॅडोर होता. सगळे म्हणत, 'लॅब आहे, काही करणार नाही.' आम्हीही तेच म्हणत असू. मुलगी तीन वर्षांची असताना ती त्याच्या अंगावर लोळायची, कान ओढायची, त्याच्या पोटावर डोके ठेवून झोपायची. आम्ही त्याची छायाचित्रे काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवत असू. आज ती छायाचित्रे पुन्हा पाहिली की त्यांत जे दिसते ते तेव्हा दिसले नव्हते. बहुतेक छायाचित्रांत त्याने तोंड दुसरीकडे वळवले आहे, डोळ्यांच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते आहे, आणि एकात तो जीभ बाहेर काढून स्वतःचे नाक चाटतो आहे. आम्हाला वाटले, तो हसतो आहे.

पुढे तो गुरगुरू लागला. मुलगी जवळ आली की हळू, घशातल्या घशात. यजमानांनी त्याला दोन-तीनदा दटावले आणि एकदा वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारलेही. गुरगुरणे थांबले. आम्हाला वाटले, सुधारला. त्यानंतर दोन महिन्यांनी, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, फटाक्यांनी रात्रभर जागलेला तो कुत्रा पलंगाखाली निजला होता, आणि मुलीने वाकून त्याला मिठी मारली. तो गुरगुरला नाही. सरळ चावला, गालावर. सहा टाके पडले.

नंतर ज्या पशुवैद्यांकडे गेलो त्यांनी त्याला तपासून सांगितले, की त्याच्या एका कानात जुना संसर्ग आहे आणि मागच्या सांध्यांत दुखणे सुरू झाले आहे. म्हणजे ज्या कानाला मुलगी रोज ओढत होती, तोच कान दुखत होता. त्यांनी आम्हाला एकच वाक्य सुनावले, की गुरगुरणे ही त्याची तक्रार होती आणि तुम्ही तक्रारपेटीच काढून टाकलीत. तेव्हा मला ते फार लागले होते.

ताई, आपण लिहिले आहे की आजोळच्या कुत्र्याला काय झाले होते ते कळले नाही. मला वाटते त्याला काहीच झाले नव्हते. तो जेवत होता आणि मागून कोणीतरी हात लावला. कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर एवढे पुरेसे होते.

आम्ही कुत्रा सोडला नाही. मात्र घराची व्यवस्था बदलली. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये सुताराकडून कमरेएवढे लाकडी फाटक करून घेतले. त्याचे जेवण मागच्या पडवीत, दार लावून. त्याची झोपण्याची जागा जिन्याखाली, आणि त्या जागेवर मुलीने पाऊल ठेवायचे नाही हा नियम; तो तेथे गेला की त्याला एकटे सोडायचे. मुलीला शिकवले, की आपण त्याच्याकडे जायचे नाही, त्याला आपल्याकडे बोलवायचे. बोलावल्यावर आला तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला तीन वेळा हात फिरवायचा, मग हात काढून घ्यायचा. त्याने डोके पुढे केले तर पुन्हा, तो वळून गेला तर खेळ संपला. आणि मोठ्या माणसाचे लक्ष नसताना दोघांना एका खोलीत ठेवायचे नाही, पाच मिनिटेही नाही. लक्ष म्हणजे मोबाइल हातात घेऊन त्याच खोलीत बसणे नव्हे. हे मला सासऱ्यांना समजावताना फार कष्ट पडले.

तो पुढे चार वर्षे जगला. मुलगी आता बारावीत आहे आणि तिच्या गालावर बारीक रेघ आहे.


पलासियाचा पहारेकरी:

वरील दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून लिहितो, पण 'जात महत्त्वाची नाही' असा समज येथून कोणी घेऊन जाऊ नये. माझ्याकडे सध्या रॉटवायलर आहे आणि त्याआधी जर्मन शेफर्ड होता. दोघेही मुलांशी उत्तम वागले. तरीही नऊ किलोच्या बीगलचा चावा आणि पंचेचाळीस किलोच्या रॉटवायलरचा चावा यांत फरक आहे, आणि तो फरक मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतो. चूक सगळ्यांकडून होते. मोठ्या कुत्र्याच्या घरात त्या चुकीची किंमत मोठी असते, हे ज्याला मान्य नाही त्याने तो कुत्रा पाळू नये.

२०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर इत्यादी तेवीस जातींच्या विक्रीवर आणि पैदाशीवर बंदी घालावी असे पत्र राज्यांना पाठवले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते महिन्याभरातच रद्द केले. मला त्या वेळी आनंद झाला होता, हे कबूल करतो. परंतु पत्र रद्द झाले म्हणून मालकाची जबाबदारी रद्द झालेली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावली म्हणजे काळजी घेतली, असे मानणारे माझे अनेक शेजारी आहेत.

यजमानांना राखणीचा कुत्रा हवा असेल तर त्यांना एक स्पष्ट विचारावे. रात्रपाळी करून आल्यावर सकाळी सहाला त्याला तासभर फिरवायला कोण नेणार? जर्मन शेफर्डला काम लागते. काम न मिळालेला शेफर्ड आपले काम स्वतः शोधतो, आणि ते आपल्याला आवडेलच असे नाही. राखणीसाठी त्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवण्याचा विचार असेल, तर तो मुळीच करू नये. बांधलेला कुत्रा पळून जाऊ शकत नाही, म्हणून जवळ येणाऱ्या मुलाला तो अधिक लवकर चावतो. अवाजवी काळ जनावर बांधून ठेवणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा ठरवले आहे.


राजेंद्रनगरची सून:

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत याबद्दल आभारी आहे. सुदामानगरच्या ताईंचे उत्तर मी यजमानांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण सहकाऱ्याला फोन करून 'तीन आठवडे थांबतो' असे कळवले. सहकाऱ्याचे उत्तर 'मग दुसऱ्याला देऊन टाकतो' असे आले, तेव्हा तो विषय संपल्यासारखा आहे.

आणखी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, आमच्या गल्लीत पाच-सहा मोकाट कुत्री आहेत आणि मुलगा सायकलवरून शिकवणीला जातो तेव्हा ती मागे लागतात. घरी कुत्रा आणण्याआधी हे तरी शिकवता येईल का? दुसरी, चावा झालाच तर नेमके काय करायचे? माझ्या लहानपणी आजीने जखमेवर मिरचीची पूड लावली होती. आणि तिसरी, सासूबाईंचे म्हणणे असे की कुत्रा घरात आला की देवघर विटाळते. त्यांना दुखवायचे नाही आणि गप्पही बसायचे नाही, असे काही सुचवता आले तर पाहा.


महूचा जुना विद्यार्थी:

मिरची, चुना, हळद, तेल, यांतले काहीही जखमेवर लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावे. घड्याळ लावून पंधरा, कारण घाबरलेल्या घरात दोन मिनिटांची पंधरा होतात. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत येतो आणि साबणाने तो मोठ्या प्रमाणात निकामी होतो, म्हणून ही पायरी लसीइतकीच महत्त्वाची आहे. मग आयोडीनसारखे जंतुनाशक लावून त्याच दिवशी रुग्णालयात जावे. लस दंडात स्नायूमध्ये दिली तर साधारणतः शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी, आणि त्वचेत दिली तर शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी असा क्रम असतो. रक्त आले असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, जखमेत द्यावे लागते. ते दिले का, हे आपण स्वतः विचारावे. शक्यतो लगेच टाके घालत नाहीत, आणि घालावेच लागले तर इम्युनोग्लोब्युलिननंतर. घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून 'थोडे बघू' याला येथे जागा नाही.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मी फार पाहिली. कुत्र्याला हात लावल्याबद्दल ज्या घरात मार मिळतो, त्या घरातले मूल ओरखडा लपवते. दटावलेला कुत्रा गुरगुरायचे सोडतो, तसे दटावलेले मूल सांगायचे सोडते. एका गावात असे लपवलेले प्रकरण माझ्यासमोर आले तेव्हा उशीर झाला होता; त्याविषयी अधिक लिहीत नाही. मुलाला आजच सांगून ठेवा, की कोणत्याही कुत्र्याचा दात किंवा नख लागले तर सांगितल्याबद्दल तुला कधीही रागावणार नाही. आणि नंतर खरोखरच रागावू नका.

सायकलचे असे, की मागे लागलेला कुत्रा बहुधा पळणाऱ्या चाकामागे धावत असतो. वेग वाढवला की त्याचाही वाढतो. सायकल थांबवून उतरावे, सायकल स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी, त्याच्या डोळ्यांत पाहू नये आणि हळू चालत पुढे जावे. पायी असताना कुत्रा अंगावर धावून आला, तर झाडासारखे उभे राहायचे. हात पोटाशी घेऊन, नजर पायांकडे, तोंडातून आवाज नाही. पडलाच तर गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात मानेवर आणि कानांवर ठेवून गोळा होऊन राहायचे. हे घरी अंगणात खेळासारखे दहा वेळा करून घ्या. ऐकून लक्षात राहत नाही. पिल्ले असलेल्या कुत्रीच्या वाटेने काही आठवडे जाऊच नये, लांबचा रस्ता धरावा.

गल्लीतल्या कुत्र्यांना दुसरीकडे नेऊन सोडण्याची मागणी कोणी करील, पण २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून त्यांना त्याच जागी सोडायचे असते. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या कानाला खाच आहे का ते पाहा. ती त्या शस्त्रक्रियेची खूण असते. खाच नसलेल्यांविषयी महापालिकेच्या झोन कार्यालयात कळवावे.


रामबागेतल्या आजी:

सूनबाई, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण मी स्वतः सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढले आहे आणि पन्नास वर्षे त्या घरात कुत्रा होता.

सासूबाईंना विटाळाचा वाद घालून काही मिळणार नाही. त्यांना गुरुवारी दत्ताच्या तसबिरीसमोर बसव आणि पायाशी कोण उभे आहे ते पाहायला सांग. चार वेद म्हणून ज्यांना आपण नमस्कार करतो ते चार कुत्रे आहेत. आणि होळकरांच्या राजवाड्यातच मल्हारी मार्तंडाचे देऊळ आहे, त्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो हे इंदूरच्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. एवढे बोलून झाल्यावर मात्र देवघराला दार लावून घे आणि कुत्र्याला त्या खोलीत कधीही जाऊ देऊ नको. त्यांचा प्रश्न शास्त्राचा कमी आणि जागेचा जास्त असतो. आपली एक खोली आपल्याला राहील, एवढी खात्री झाली की विरोध निम्म्यावर येतो. उरलेला निम्मा हा, की तू नोकरीवर आणि मुले शाळेत गेल्यावर त्या कुत्र्याचे सगळे त्यांच्या गळ्यात पडेल. हे त्या तुला सांगणार नाहीत, विटाळाचे सांगतील.

दुसरे असे, की सगळी चर्चा परदेशी जातींभोवती चालली आहे. आपल्याकडच्या कुत्र्यांविषयी कोणी काही लिहीतच नाही. मुधोळच्या घोरपड्यांनी नावारूपाला आणलेला मुधोळ हाउंड उन्हाळा सोसतो, पण तो नजरेने शिकार करणारा आहे आणि धावणारी गोष्ट दिसली की सुटतो. त्याला मोकळे रान हवे, तुझे अंगण पुरणार नाही. साधा गावठी कुत्रा मात्र याच हवेत घडलेला असतो. आमच्याकडे जे चार कुत्रे झाले ते सगळे गावठीच, त्यांपैकी दोन मोठे झाल्यावर आणलेले. मोठा कुत्रा आणण्यात एक सोय असते, की त्याचा स्वभाव आधीच दिसतो. पिल्लू म्हणजे बंद लिफाफा. लहान मुलांबरोबर राहिलेला, नसबंदी झालेला, दोन-तीन वर्षांचा कुत्रा मिळाला तर मुलांना घेऊन तीन-चार वेळा भेटायला जा आणि मग ठरव.

आणि चपट्या नाकाच्या पगच्या मोहात पडू नको. २००३ च्या सुमारास मोबाइलच्या एका जाहिरातीत तो आला आणि घरोघरी दिसू लागला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग निववतो, आणि ज्याचे नाकच आखूड केले आहे त्याला धाप टाकणेही जड जाते. आमच्या शेजारचा पग मे महिन्यात पंखा बंद पडला की जिभेने निळा पडत असे.

मुलांना घरात कोणाचेही ताट कुत्र्यापुढे करू देऊ नको. आपल्या पोह्यांत कांदा असतो आणि शिऱ्यात बेदाणे, आणि ही दोन्ही कुत्र्याला विषासारखी आहेत; चॉकलेट तर आहेच. रविवारी सकाळी पोहे-जिलबी खाताना एकाने कुत्र्याला घास द्यायचा आणि दुसऱ्याने त्याची चेष्टा करायची, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. ताटाशी घुटमळायची सवय लागलेला कुत्रा आणि हातात जिलबी घेऊन फिरणारे अडीच वर्षांचे मूल, यांची उंची एकच असते.


सुदामानगरची आई:

आजींच्या मोठ्या कुत्र्याच्या सूचनेला माझा दुजोरा आहे. फक्त एक जोडते. आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तो फार शांत वाटतो, आणि घरचे म्हणतात, किती गुणी आहे. ती शांतता पुष्कळदा भीतीची असते. त्या दिवसांत पाहुणे बोलावू नका, नातेवाइकांना 'बघायला या' म्हणू नका, आणि शक्य असेल तर रंगपंचमीच्या गेरीच्या किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे मिरवणुकांच्या, आठवड्यात कुत्रा आणू नका. ढोलताशांच्या आवाजाने बावचळलेला नवा कुत्रा फाटकातून निसटला तर तो ओळखीच्या वाटेने परत येऊ शकत नाही, कारण त्याची ओळखीची वाट अजून झालेलीच नसते. गळ्यातल्या पट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक पहिल्या दिवसापासून असू द्या.


राजेंद्रनगरची सून:

काल रात्री आम्ही तिघे, म्हणजे यजमान, सासूबाई आणि मी, जेवणानंतर बसून बोललो. आजींचा अंदाज खरा निघाला. दत्ताच्या तसबिरीवरून त्या हसल्या, पण त्यांची खरी काळजी दुपारची होती. गुडघे दुखत असताना कुत्र्याला अंगणात कोण नेणार, ही. तेव्हा दिवाळीपर्यंत कुत्रा आणायचा नाही असे ठरले. दिवाळीचे फटाके संपल्यावर, मुलगी तीन वर्षांची झाल्यावर, आणि यजमानांची पाळी बदलून दिवसाची मिळाली तर, मोठ्या गावठी कुत्र्याचा विचार करायचा. स्वयंपाकघराच्या दाराला लाकडी फाटक मात्र आताच करून घेणार आहोत.

मुलगा अर्थातच रुसला. त्याला यजमानांनी एक अट घातली आहे, की आजपासून रोज सकाळी सहाला उठून, कुत्रा नसतानाच, अंगणापासून बागेपर्यंत एक फेरी मारून यायची, पावसातही, आणि महिनाभर एकही दिवस चुकवायचा नाही. सोबत यजमान किंवा मी जाऊ. आज पहिला दिवस होता. तो हातात रिकामा पट्टा घेऊन गेला आणि वाटेत दोनदा 'चल' म्हणाला.

सुदामानगरच्या ताई, एक विचारायचे राहिले. ते लाकडी फाटक करताना पट्ट्यांमध्ये किती अंतर ठेवलेत? मुलीचे डोके अडकणार नाही एवढे कमी हवे, असे सुतार म्हणतो आहे, आणि तो उद्याच माप घ्यायला येणार आहे.


सुदामानगरची आई:

दोन बोटांएवढे ठेवा आणि पट्ट्या उभ्याच ठेवा. आडव्या असल्या की मुलगी शिडीसारखी चढेल. कडी कुत्र्याच्या बाजूला नको, आणि मुलीचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर हवी. आमच्या पहिल्या फाटकाला कडी खाली होती, ती तिने तिसऱ्या दिवशी उघडली होती.